वर्षाचं अक्षर

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सोनं पारखणाऱ्या बाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि सांगितलं, "अक्षर लागत नाही."

टेबलापलीकडे तिघं होती: वडील, आई आणि बंदर चौकीचा हवालदार. मधोमध खिशातल्या घड्याळाची सोन्याची डबी. यंत्र कधीच निखळून गेलेलं. सात महिन्यांपूर्वी दूरच्या एका किनाऱ्याला प्रेत लागलं, त्याच्या खिशात ही डबी होती. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, बेवारस म्हणून पुरलं. त्याच आठवड्यात या दोघांचा एकुलता मुलगा बोटीसकट बेपत्ता झाला होता. जाताना वडिलांचं घड्याळ त्याच्या खिशात होतं. दोन बंदरांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहायला सात महिने लागले.

"जुनं सोन्याचं घड्याळ कुणाकडेही असू शकतं," हवालदार म्हणाला. "घरच्या कागदाशी जुळलं, तर माती उकरायची परवानगी मागता येईल."

कागद विम्याचा होता, आजोबांच्या वेळचा. त्यावर डबीच्या आतले चार शिक्के उतरवलेले होते: मुकुट, अठराचा आकडा, जहाजाचा नांगर आणि इंग्रजी छोटं 'एन'. मुकुट आणि आकडा शुद्धतेचे, नांगर तपासणीच्या गावाचा, अक्षर वर्षाचं. पहिले तीन जुळले.

"पण ते तीन हजारो डब्यांवर असतात," बाई म्हणाल्या. "वर्ष अक्षरावरूनच कळतं. एन असेल तर १८८७. पण छोट्या एचची उभी दांडी वरून झिजली, की तोही एनसारखाच दिसतो. मग १८८२. ही डबी आतून कुणी घासायचं का?"

उत्तर आईनं दिलं. "घासायचं? रोज सकाळी, तीस वर्षं. खडूची पूड, चामड्याचा तुकडा, आतून-बाहेरून. मी म्हणायची, अहो, एवढं बायकोकडे पाहिलं असतं, तर मीसुद्धा चमकले असते."

"सोन्याला डाग नको म्हणून करत होतो," वडील म्हणाले.

"सोनं मऊ असतं, काका," बाई म्हणाल्या. "चमक येते ती सोनं खरवडूनच."

वडिलांनी हात टेबलाखाली घेतले. मग पुढे झुकले. "बाई, तुम्ही एन लिहा."

"दिसत नाही ते कसं लिहू?"

"माझंच घड्याळ आहे. बाप सांगतोय ना! तो तिथं नंबराच्या पाटीखाली पडलाय. त्याला घरी आणू द्या."

"आणि मी सांगते, तो नाही तो," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एच आहे. दुसऱ्या कुणाचं तरी पोर आहे ते. माझा पोहणारा होता."

"काकू, सात महिने झाले," हवालदार म्हणाला.

"मोजतेय मी. तुम्ही नका सांगू."

बाईंनी डबी तिरक्या उजेडात धरून आणखी वीस मिनिटं पाहिली. नंतर कडीवरचे बारीक शिक्के पाहिले. तिथं वर्षाचं अक्षर मारलेलंच नव्हतं. अहवालात त्यांनी लिहिलं: "एच किंवा एन. निश्चित सांगता येत नाही." वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली. आईनं एकदा वाचली आणि पदरानं तोंड पुसलं.

"हे वाईट झालं की बरं झालं, तेच कळेना," हवालदार जिन्यात म्हणाला.

खूण पक्की नसेल, तर आई-वडील दोघांनी मिळून मागणी करावी लागते, तरच अर्ज वर जातो. अर्ज त्याच दुपारी चौकीत भरला गेला; सह्यांसाठी सोमवारपर्यंत मुदत होती. सोमवारी संध्याकाळी चौकी बंद होईपर्यंत त्यावर वडिलांची सही होती. आईच्या सहीची जागा कोरी होती.