सख्ख्या भावाला कर माफ

मी बोलतेय, बे सिटीमधल्या एका गॅरेजात उभी असलेली दोन दारांची जुनी गाडी. गाडी म्हणायचं ते आपलं चाकांकडे बघून. इंजिन माझ्या पोटात नाही, ते कोपऱ्यात एका लोखंडी स्टँडवर टांगलेलं आहे. तळाला गंजाने अशी भोकं पडलीत की मागच्या सीटवर बसणाऱ्याने पाय खाली टेकवले तर तो मला ढकलत थेट नदीपर्यंत नेऊ शकेल. पण बोलायला इंजिन लागत नाही, आणि बोलण्याची खुमखुमी मला पहिल्यापासून आहे.

माझा जन्म डेट्रॉइटचा. शुक्रवारी दुपारी, सुट्टीच्या भोंग्याच्या जरा आधी सगळ्यात शेवटी माझी दारं बसवली गेली. शुक्रवारी दुपारी जोडलेल्या गाड्यांबद्दल कारखान्यातले लोक आपसात काय बोलतात ते मी इथे सांगणार नाही. माझं डावं दार मात्र आजही दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही.

सुरुवातीला मी एका प्राथमिक शाळेतल्या बाईंकडे होते. त्या मला रविवारी चर्चला न्यायच्या आणि आल्यावर फडक्याने पुसायच्या. मला वाटायचं, मी राजघराण्यातली आहे. बाई गेल्यावर मला बीटाची शेती करणाऱ्या एका गृहस्थाने घेतलं आणि मागच्या सीटवर दोन शिकारी कुत्री बसवली. तेव्हा राजघराण्याचा विषय संपला. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते मीठ मला खालून खात गेलं. त्या गृहस्थाने मला कधी धुतलं नाही. शेवटी मी धान्याच्या कोठाराला टेकून उभी राहिले आणि माझ्यात उंदीर राहायला आले.

तिथून मला ग्रॅबोव्स्की बंधूंनी उचललं. थोरला लेनर्ड, धाकटा क्लेम. दोघंही कारखान्यातले. लेनर्डचा हात वेल्डिंगवर बसलेला, तर क्लेमला इंजिनाचा आवाज ऐकूनच दुखणं कळायचं. पैसे दोघांनी निम्मे निम्मे घातले. लेनर्डच्या घरामागच्या गॅरेजात मला ठेवलं आणि कामावरून आल्यावर, रविवारी चर्च आटोपल्यावर दोघं माझ्याशी झटू लागले. या गावात प्रत्येक गल्लीत अशी एखादी गाडी असते. ती पुढच्या उन्हाळ्यात नक्की सुरू होणार असते. बायका तिच्याबद्दल विचारायचं कधीच सोडून देतात.

मी तर पुरुषांना भांडायला लावण्याखेरीज काही करून दाखवलं नाही. झालं असं, की लेनर्डने क्लेमला न विचारता एक मोठं इंजिन आणलं. क्लेम म्हणाला, जुनं इंजिन मी नीट करतोय, हे कशाला? शब्दाने शब्द वाढला आणि लेनर्डच्या तोंडून निघून गेलं, "गाडी माझ्या नावावर आहे."

आणि ते खरं होतं. मला विकत घेतलं त्या दिवशी क्लेम कारखान्यात पाळीवर होता. नोंदणीच्या ऑफिसात लेनर्ड एकटाच गेला आणि दोन सह्यांची कटकट नको म्हणून एकच नाव घालून आला. क्लेमला हे इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्याने हातातला पाना फडक्याने पुसून खोक्यात ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही एकाच चर्चच्या हॉलमध्ये मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या शुक्रवारी मासे खायला जात, पण एक दाराजवळ बसे आणि दुसरा कॉफीच्या टाकीपाशी. ज्या गाडीवरून दोन कर्ते पुरुष असे तुटले, ती उतारावरून सोडली तरी खाली पोचली नसती, हे मी नमूद करून ठेवते.

वर्षं गेली. वेल्डिंगच्या धुराने लेनर्डच्या फुप्फुसांचा निकाल लावला. नाकात नळी आली, सोबत ऑक्सिजनचं सिलिंडर. त्या सिलिंडरलाही चाकं आहेत आणि ती फिरतात, म्हणजे ते माझ्यापेक्षा बरंच. लेनर्डला मूलबाळ नाही. त्याने घर विकलं आणि म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली घेतली. तिथे गॅरेज नाही. घराची किल्ली नव्या मालकाला द्यायच्या आत माझं काहीतरी करणं भाग होतं.

तेव्हा मार्सी आली. मार्सी म्हणजे क्लेमची मुलगी. ती शाळेची बस चालवते आणि वडील बोलत नसले तरी काकाचं औषधपाणी बघते. ती म्हणाली, "लेन काका, गाडी मला द्या. माझं गॅरेज रिकामंच आहे."

"घे," लेनर्ड म्हणाला. "पण कागद करून घे. माझ्यामागे कोर्टकचेरी नको. कागद झाला नाही तर भंगारवाल्याला बोलावून ठेवलंय, तो शुक्रवारी येतोय."

भंगारवाला हा शब्द ऐकून माझ्या अंगातला उरलासुरला रंगही उडाला असेल.

मग काका-पुतणीने तेच केलं जे इथे सगळे करतात. विक्रीच्या कागदावर किंमत लिहिली, एक डॉलर. किमतीवर कर लागतो, तेव्हा किंमतच ठेवायची नाही अशी ही हुशारी. मला थोडं लागलं. शाळेतल्या बाई मला फडक्याने पुसायच्या, आणि आता मी कपभर कॉफीपेक्षा स्वस्त. पण भंगारवाल्यापेक्षा तेही चाललं असतं.

ऑफिसातल्या खिडकीमागे मिसेस प्रूइट नावाच्या बाई होत्या. मार्सीने लेनर्डच्या गॅरेजात येऊन मला सगळं सांगितलं. तिला माझ्याशी बोलायची सवय आहे, दिवसभर बसमध्ये पोरांपुढे तोंड आवरावं लागतं ना. मिसेस प्रूइटनी तो एक डॉलर पाहिला, चष्मा पुसला आणि सकाळपासून कितवा ते मोजायचं सोडून दिलंय असं सांगितलं. मग त्यांनी माझ्या जातीच्या गाडीची बाजारातली किंमत काढली. कर त्या किमतीवर. आणि ती किंमत ऐकून मार्सी खुर्चीत बसली.

मी मात्र फुगले. एवढी माझी किंमत! रात्रभर मी मनातल्या मनात चकाकत होते. सकाळी उजेड आला तेव्हा लक्षात आलं की ती किंमत माझ्या जातीच्या धडधाकट गाडीची आहे, माझी नाही. त्या गाडीला तळ असतो. तिच्यात उंदीर नसतात. मी करापुरती श्रीमंत होते. मार्सीला तो कर झेपणारा नव्हता, आणि शुक्रवार जवळ आला होता.

पण मिसेस प्रूइटनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. काकाने पुतणीला गाडी दिली तर कर लागतो. भावाने भावाला दिली तर लागत नाही. बापाने मुलीला दिली तरी लागत नाही. कागदाची फी तेवढी प्रत्येक वेळी भरायची. म्हणजे मी लेनर्डकडून क्लेमकडे गेले आणि क्लेमकडून मार्सीकडे, तर सरकारची हरकत नव्हती. हरकत होती ती क्लेमची.

मार्सी वडिलांच्या स्वयंपाकघरात गेली. क्लेम बटाट्याचे पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, लोण्यात परतत होता. तो म्हणाला, त्याची गाडी त्यालाच लखलाभ होवो. मार्सीने शुक्रवारचं सांगितलं. तो परतत राहिला. तिने काकाच्या नळीचं सांगितलं. त्याने गॅस बारीक केला. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बाबा, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. तुमच्या नावावर येईल आणि लगेच माझ्या."

"माझ्या नावावर? कागदावर छापून?" क्लेमने विचारलं.

"छापून."

पिएरोगी करपले, असं मार्सी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मला ट्रेलरवर चढवलं. चढवलं म्हणजे शेजारच्या चौघांनी आणि एका साखळीने ओढलं. मी माझ्याकडून फक्त कुरकुरण्याचं सहकार्य केलं. ट्रेलर नोंदणीच्या ऑफिसासमोर थांबला. कागद झाला नाही तर तिथूनच उचलायला भंगारवाल्यालाही बोलावलेलं. पलीकडच्या पिझ्झाच्या दुकानासमोर तो ट्रकमध्ये बसून डोनट खात होता आणि मला वजनकाट्यावर घातल्यासारखं माझ्याकडे बघत होता. मी ऑफिसच्या काचेसमोर उभी. आतलं दिसत होतं, ऐकू आलं नाही. पुढचे शब्द मार्सीने नंतर सांगितलेले आहेत.

दोघं भाऊ खिडकीसमोर उभे राहिले, मध्ये मार्सी आणि सिलिंडर. मिसेस प्रूइटनी माफीचा अर्ज पुढे घेतला आणि क्लेमला विचारलं, "देणारा तुमचा कोण?"

क्लेम म्हणाला, "एका घरात वाढलोय."

"एका घरात भाडेकरूही राहतात. मला नातं लिहायचंय."

लेनर्ड जमिनीकडे बघत होता. रांगेतले लोक पाय बदलत होते.

"नातं नाही लिहिलं तर कर लागेल हो," मिसेस प्रूइट म्हणाल्या.

"भाऊ," क्लेम म्हणाला.

"सख्खे?"

"सख्खा. मी धाकटा."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, मग कर नाही. बाहेरून मला एवढंच दिसलं की लेनर्डने खिशातून रुमाल काढला आणि नळी सरकवून नाक पुसलं. मला वाटलं, सर्दी झाली असेल. मला माणसांतलं फारसं कळत नाही.

जास्तीची फी भरून कागद हातोहात मिळाला. क्लेमने तो उजेडात धरला, छापलेल्या नावावरून अंगठा फिरवला. मार्सीने पेन पुढे केलं. आता मागच्या बाजूला सही करायची, की मी तिची. क्लेमने कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मार्सीचा चेहरा मला काचेतून दिसला. भंगारवाल्यालाही दिसला असावा, त्याने डोनट संपवून हात पुसले. मला वाटलं, झालं. सूड उगवतोय हा. माझ्यासारख्या भोकाभोकांच्या पत्र्यावर सूड उगवण्यासारखं आहे तरी काय?

क्लेम मिसेस प्रूइटकडे वळला. "याचंही नाव घालायचंय. दोघांची गाडी आहे."

"मघाशीच बोलला असतात तर एकाच फीमध्ये झालं असतं."

"मघाशी सुचलं नाही."

तेव्हा लेनर्ड पहिल्यांदा बोलला. क्लेमकडे बघून नाही, खिडकीच्या चौकटीकडे बघून. "तू त्या दिवशी कामावर होतास. मी थांबायला पाहिजे होतं रे."

"हो," क्लेम म्हणाला. "पाहिजे होतं."

मार्सीने विचारलं, "मग यात मला काय मिळालं?"

"तुझं गॅरेज रिकामं आहे म्हणालीस ना," तिचे वडील म्हणाले. तिने नाइलाजाने आपली पर्स उघडली आणि फी भरली. एक कर वाचवायला या तिघांनी त्या दिवशी फीवर जेवढे घालवले, तेवढ्यात माझ्यासारखी एखादी भंगारातून उचलता आली असती.

नवा कागद छापण्याआधी मिसेस प्रूइट थांबल्या. म्हणाल्या, दोन नावं असली की हे विचारावं लागतं. दोघांपैकी एक गेला तर गाडी आपोआप दुसऱ्याची, असं कागदावर घालायचं का?

क्लेमची नजर सिलिंडरवर गेली आणि त्याने ती लगेच उचलली.

"घाला," लेनर्ड म्हणाला. मग भावाकडे वळला. "पण तू आधी जायचं नाहीस. मला इंजिनातलं काही कळत नाही."

"आणि तू गेलास तर तळ कोण जोडणार? मी जोडला तर पहिल्याच खड्ड्यात सीटसकट खाली."

भंगारवाल्याने ट्रक सुरू केला आणि गेला. त्याचं इंजिन छान चालत होतं, मला हेवा वाटला.

आता मी मार्सीच्या गॅरेजात आहे. मला हौशी जुन्या गाड्यांची स्वस्तातली नंबर प्लेट मिळाली आहे. तिच्यावर मिरवणुकीला जाता येतं, प्रदर्शनाला जाता येतं, आणि ऑगस्टचा अख्खा महिना कुठेही. मला सध्या कुठेच जाता येत नाही, त्यामुळे नियम काटेकोर पाळला जातो.

नळी लावून ठिणग्यांजवळ जाता येत नाही, म्हणून लेनर्ड बाहेर अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि तिथून क्लेमला वेल्डिंग शिकवतो. क्लेमचा जोड वेडावाकडा येतो. लेनर्ड ओरडतो, "काढ तो, पुन्हा कर." मग क्लेम कार्ब्युरेटर बाहेर नेतो, भावाच्या मांडीवर ठेवतो आणि एकेक भागाचं नाव त्याच्याकडून वदवून घेतो. लेनर्ड चुकतो. क्लेम म्हणतो, ध्यान कुठे आहे तुझं? दोघं एकमेकांना आपापलं काम कशासाठी शिकवतायत ते दोघांनाही ठाऊक आहे. मार्सी दारातून बघते आणि आत जाऊन कॉफी करते.

मी जन्मभर एकच गोष्ट मागत आले, मला रस्त्यावर न्या. आता मात्र मला घाई नाही. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी या गल्लीतून गेलात आणि अंगणात नळी लावलेला एक म्हातारा आत कुणावर तरी ओरडताना दिसला, तर थांबा, हात हलवा, हवापाण्याचं बोला. पण एवढी विनंती आहे, गाडी कधी होणार म्हणून विचारू नका. तळाच्या उजव्या कोपऱ्यातला जोड काल क्लेमला पहिल्यांदा नीट जमला होता. आज सकाळी मी तो हळूच सोडून दिला.