एकशे चाळीस ग्रॅम

"काटा काय दाखवतोय?" सर्जननी मान वर न करता विचारलं.

"अठ्ठावीस. एकूण त्र्याण्णव झाले," सिस्टर म्हणाल्या.

सव्वीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये हेच करत आल्या होत्या. रक्ताने भिजलेलं कापड काट्यावर ठेवायचं, कोरड्याचं वजन वजा करायचं, उरेल तेवढं रक्त गेलं असं धरायचं. आज टेबलावर त्यांची आई होती. "तुम्ही बाहेर बसा," असं सर्जननी सांगून पाहिलं होतं. "बाहेर बसून मी काय करू?" एवढंच त्या म्हणाल्या.

आई बाथरूममध्ये पडली आणि दोन दिवस तिने कुणाला धड काही सांगितलं नाही. "लचक भरलीये, शेकलं की जाईल," म्हणाली. सिस्टरांच्या जोडीची नर्स रजेवर होती, दोघींची ड्यूटी त्या एकट्या ओढत होत्या. त्यांनी गरम पाण्याची पिशवी भरून दिली आणि कामावर निघून गेल्या. एरवी त्याच दिवशी का नाही आणलंत, म्हणून पेशंटच्या नातेवाइकांना फैलावर घेणाऱ्या त्याच. खुब्याचं हाड मोडलं की रक्त मांडीत आतल्या आत साठत जातं, बाहेर थेंब दिसत नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी आईला आणलं, तेव्हा हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं.

रक्तपेढीतला तंत्रज्ञ तीन जिने चढून स्वतः सांगायला आला. "सिस्टर, एकोणीस पिशव्या तपासून पाहिल्या. एकही जुळत नाही."

आईची पाच बाळंतपणं झाली होती आणि शेवटच्या वेळी तिला रक्त चढवावं लागलं होतं. तेव्हापासून तिचं शरीर परकं रक्त ओळखून मोडून काढत होतं. बाहेरगावी विचारणा चालू होती, पण थांबावं तर छातीत कफ भरणार, पाठीला जखमा होणार, मांडीत आणखी रक्त जाणार.

"मग रक्ताशिवायच करू," सर्जन म्हणाले. "थेंब न् थेंब वाचवायचा."

आणि वाचवला. रक्ताची गुठळी टिकवून धरणारं इंजेक्शन आधीच दिलं. चीर बोटभर घेतली, वाहणारी प्रत्येक शीर तिथल्या तिथे जाळून बंद केली. पाऊण तासात हाडात सळई बसली. शेवटचं कापड काट्यावर गेलं आणि बेरीज एकशे चाळीसवर थांबली.

"एवढं कमी मी आजवर पाहिलं नाही," सर्जन म्हणाले.

सिस्टरांनी आकडा कागदावर लिहिला आणि त्या हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.

संध्याकाळी आईने डोळे उघडले. ओठ कागदासारखे झाले होते.

"किती सांडलं गं?"

"कपभर. तेसुद्धा नाही."

"एवढंच? मग मला एवढं रितं का वाटतंय?"

मांडीत आधीच गेलेलं रक्त कुठल्याच काट्यावर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन साडेसहा, तिसऱ्या दिवशी सहा. लोहाचं सलाईन लावलं होतं, पण त्याला आठवडे लागतात. तपासणीसाठी सिस्टर तान्ह्या बाळांच्या विभागातून लहान नळ्या मागून आणत, म्हणजे तेवढं तरी रक्त वाचावं. बाहेरगावचे निरोप एकेक करून येत गेले. नाही. नाही. आमच्याकडेही नाही.

चौथ्या दिवशी आईला धाप लागली. तिला उशीला टेकवून बसवताना सिस्टर म्हणाल्या, "पडलीस त्या दिवशीच मला खरं सांगायचं होतंस."

"तुला रजा मिळाली असती?"

"मिळाली असती."

"नसती मिळाली. तुझं मला ठाऊक नाही होय?" आई दम खात थांबली. "पिशवी भरून दिलीस ना, त्याने बरं वाटलं होतं."

सिस्टरांनी चादर ओढून सारखी केली. ती आधीच सारखी होती.

सहाव्या दिवशी दुपारी आईचं हृदय थकून थांबलं. सर्जन आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "ऑपरेशनमध्ये काही कमी पडलं नव्हतं, सिस्टर," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर. मी होते ना."

वॉर्डातली मावशी स्ट्रेचर घेऊन आली. दोघींनी मिळून आईला उचललं. सवयीने सिस्टरांचा एक हात मोडलेल्या मांडीखाली आधाराला गेला. आधाराची गरज नव्हती. पाय कुठेच लचकला नाही. हाड अगदी घट्ट बसलं होतं.