फाटकाबाहेरची निळी खुर्ची

शाळेचा बँड नुसता फुंकून चालतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या गावचा जुना बाजार पाहिलेला नाही. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी अख्खं गाव आपली अडगळ फाटकाबाहेर काढून ठेवतं. पोरं आणि त्यांचे आईबाप ती गाडीमागच्या ट्रेलरमध्ये भरून शाळेच्या व्यायामशाळेत आणतात. शनिवारी तेच गाव एकमेकांची अडगळ हौसेनं विकत घेऊन घरी नेतं. त्या पैशांतून यंदा बँडचं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, नवा ट्युबा, यायचा होता.

आठ वर्षांच्या तिरिलचं बँडमधलं हे पहिलंच वर्ष. ऑगस्टपासून ती कॉर्नेट ही छोटी तुतारी शिकत होती, म्हणजे शेजाऱ्यांचा अंत पाहत होती. फाटकाबाहेर दिसेल ते आपलं, असं बाबांनी तिला सांगितलं आणि तिनं ते गाठीशी बांधलं. टेकडीवरच्या शेवटच्या घराबाहेर रंग उडालेली एक निळी लाकडी खुर्ची होती. बाबा अलीकडच्या घरचं कपाट उचलण्यात गुंतले होते, म्हणून तिनं ती एकटीनंच ट्रेलरपर्यंत नेली. वाटेत पडली, गुडघा फुटला, पण खुर्चीला ओरखडा येऊ दिला नाही. व्यायामशाळेत सगळ्यांनी तिची पाठ थोपटली तेव्हा पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी ती फर्निचरपाशी ऐटीत उभी होती. तेवढ्यात एक उंच, वाकलेले आजोबा आले ते थेट निळ्या खुर्चीकडेच. त्यांनी ती उलटी केली. बैठकीच्या खाली चाकूनं एक नाव कोरलेलं होतं.

"बोर्गहिल कोण?" तिरिलनं विचारलं.

"माझी बायको. तिचे पाय दुखायचे, म्हणून खुर्ची फाटकाबाहेर ठेवली होती. सतरा मेला, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत, तुमचा बँड तिच्यासमोर थांबून एक गाणं वाजवायचा. जाऊन दोन वर्षं झाली तिला."

"मग तुम्ही ही बाजाराला का दिलीत?"

आजोबा खिशात पाकीट चाचपडू लागले. "वय झालं, बाळा. चुकून दिली असेल."

बाकीची अडगळ लोकांनी कालच सकाळी बाहेर काढली होती. ही खुर्ची मात्र कायम तिथंच असायची, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. आता गप्प बसलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. आजोबांना खुर्ची मिळणार, बँडला पैसे मिळणार आणि तिची शाबासकी तिच्याकडेच राहणार. आजोबांनी नोट पुढे केली. ती घ्यायला तिचा हातच उठेना.

"तुम्ही नाही चुकलात," ती म्हणाली. "मी नेली. न विचारता."

आजोबा गुडघे धरून हळूच खाली वाकले.

"ठाऊक आहे मला. खिडकीतून बघत होतो."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडणारच होतो. पण तू पडलीस, गुडघा फोडून घेतलास आणि उठल्याबरोबर आधी खुर्ची पुसलीस. बोर्गहिल गेल्यापासून या खुर्चीला इतकं कुणी जपलं नव्हतं."

तिरिलला रडू आवरेना. तिनं त्यांच्या हातातली नोट मागे सारली, पण त्यांनी ती परत खिशात घातली नाही. ट्युबाला बोर्गहिलनंही पैसे दिलेच असते, म्हणाले. दुपारी तिरिल आणि बाबांनी खुर्ची टेकडीवर पोचवली आणि गवतात पडलेल्या चार खळग्यांत तिचे चार पाय बरोबर बसवले.

पुढच्या वर्षी अडगळ गोळा करायला निघालेली तिरिल प्रत्येक घराची घंटा वाजवत होती. फाटकाबाहेर मोडकी स्की पडलेली असली तरी विचारायची, हे द्यायचंय ना? असंच चाललं तर नाताळ उजाडेल, म्हणून बाबा कुरकुरत होते, पण त्यांनाही ते आवडलेलं दिसत होतं.

टेकडीवरच्या शेवटच्या फाटकाबाहेर निळी खुर्ची होती. तिच्या पाठीला दोरीनं एक पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नेऊ नये. बसावे.'

खिडकीत आजोबा उभे होते. तिरिल खुर्चीवर बसली. बाबांनी दोनदा हॉर्न वाजवला, तरी ती उठली नाही.