मोठी अक्षरं कोणी केली?

मी एक जुनी सेटिंगची फाईल आहे, मित्रांनो. फाईल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली फाईल आली असेल. मी तशी नाही. मला वजन नाही, वास नाही, माझ्यावर धूळही बसत नाही. मी संगणकात राहते. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं पडद्यावरच्या ज्या खिडकीत बसून लिहितात, त्या खिडकीनं कसं वागायचं ते माझ्यात लिहिलेलं असतं. ओळ किती आत सरकवायची, चुकीखाली लाल रेघ ओढायची की नाही, अक्षरं केवढी दिसायची, असली बारीकसारीक कामं. मोठं काम माझ्याकडे कधीच नव्हतं.

आज जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते. फाईलला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. आधी ऐका, मग म्हणा.

माझा जन्म बिश्केक शहरात, मेरिमच्या स्वयंपाकघरात झाला. तेव्हा मेरिम आणि तिची मैत्रीण बेगाइम अशा दोघीच होत्या. गुरांच्या दवाखान्यांसाठी त्या एक प्रोग्रॅम लिहीत होत्या. कोणत्या गाईला कोणती लस दिली, कोणत्या मेंढीला राहिली, ते त्यात कळायचं. पण दोघींचं ओळ किती सरकवायची यावरून रोज वाजायचं. मेरिमला चार जागा हव्यात, बेगाइमला दोनच. शेवटी एक दिवस मेरिमनं चहाचा पियाला बाजूला सरकवला आणि मला लिहून टाकलं. "आता ही सांगेल तसं. भांडायचं तर हिच्याशी भांड," ती बेगाइमला म्हणाली. बेगाइम माझ्याशी बरेच दिवस भांडली, मग तिला सवय झाली.

पुढे कामाला माणसं आली, चौथ्या मजल्यावर खोली भाड्यानं घेतली. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या यंत्रात जाऊन बसायचे. प्रत्येकाची स्वतःची अशी एक धाकटी फाईल असतेच. तिच्यात त्यानं आपापल्या आवडीनिवडी लिहाव्यात. पण तिचं आणि माझं एखाद्या गोष्टीवर पटलं नाही तर माझं चालतं. तिला मी एकाची म्हणते, मला सगळ्यांची म्हणतात. मेरिम नव्या माणसांना सांगायची, "इथं सगळ्यांत शहाणी कोण असेल तर ही फाईल." प्रोग्रॅम चालेना झाला की आधी मला उघडून बघायचे. बहुतेक वेळा माझ्यात काही चूक नसायची. एकदा मात्र कोणीतरी आपल्या घरच्या फोल्डरचा पत्ता माझ्यात लिहून ठेवला होता आणि बाकीची सगळी यंत्रं ते घर शोधत बसली होती. ते सापडलं तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. मलाही मजा वाटली होती.

कुबानिच अगाय आले तो दिवस मला आठवतो. अगाय म्हणजे तिकडे गुरुजी. मेरिम त्यांच्या हाताखाली शिकली होती. कारखान्यातला कपाटाएवढा संगणक हाताळण्यापासून त्यांनी हे काम केलेलं. त्यांना मेरिमनं खोलीतली मानाची जागा दिली, दारापासून सर्वांत लांबची, खिडकीसमोरची. तिकडे वडील माणूस दाराशी बसत नाही. पण त्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्यांच्या पडद्यावर पडायचं. अगाय हात आडवा धरून बघायचे, मान पुढे काढायचे. जागा बदलून द्या म्हणावं तर मानाची जागा नाकारल्यासारखं होतं. बाकीच्यांनी म्हणावं तर अगायना उठवल्यासारखं होतं. म्हणून कोणीच काही म्हणत नव्हतं.

हळूहळू मला कळलं की ऊन हे निमित्त आहे. अगायच्या डोळ्यांवर पडदा येत होता. खोलीत कोणी नसलं की ते अक्षरं भराभर मोठी करायचे, काळ्या पाटीवर पिवळी, मुठीएवढी. दारात पाऊल वाजलं की पुन्हा लहान. दिवसातून कितीदा तरी हा खेळ चालायचा. निवृत्तीला अजून वर्षं होती, आणि या धंद्यात पोरंसोरं पुढे पळतात. दिसत नाही असं कळलं तर कोणीतरी अदबीनं घरी बसवेल, ही त्यांना भीती होती. लहान अक्षरांत लिहिताना त्यांची टिंबं राहून जायची, स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडायचा. शेजारी बसणारा तिलेक ती गुपचूप दुरुस्त करायचा आणि अवाक्षर काढायचा नाही.

हा तिलेक म्हणजे भारी वात्रट. चोवीस वर्षांचा, उमेदवारीच्या मुदतीवर घेतलेला. आल्या आल्या त्यानं माझ्यातच एक ओळ घुसडली होती, की कोणाचीही चूक झाली की बकरी ओरडावी. दुसऱ्या दिवशी सगळी खोली बें बें करत होती. मेरिमनं त्याला सरळ सांगितलं, "पुन्हा सगळ्यांच्या फाईलला हात लावलास ना, तर घरचा रस्ता धरायचा. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही."

आता ती गोष्ट. एका दुपारी खोली रिकामी होती. अक्षरं लहानमोठी करून अगाय कंटाळले असावेत. त्यांनी ठरवलं, एकदाच काय ते मोठं करून ठेवावं. सेटिंगच्या पानावर दोन दारं शेजारीशेजारी असतात, एक आपल्या फाईलचं, एक माझं. नावं बारीक अक्षरांत लिहिलेली. अगायनी चुकून माझं दार उघडलं. आकडा तीस केला, पाटी काळी, अक्षरं पिवळी. त्यांच्या पडद्यावर सगळं मनासारखं दिसलं. किती दिवसांनी ते पाठ टेकून बसले! संध्याकाळी दिवसाच्या कामाबरोबर मलाही त्यांनी सगळ्यांच्या कोठारात पाठवून दिलं; तिथून मी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या यंत्रात उतरते. मला कळत होतं, पण मी काय करणार? माझ्यात लिहिलेलं लपवून ठेवण्याची सोय माझ्याकडे नाही.

सकाळी मेरिमनं जिल्ह्याच्या पशुवैद्यांना व्हिडिओ कॉलवर प्रोग्रॅम दाखवायला मोठा पडदा लावला होता. लिहायची खिडकी उघडली आणि पिवळ्या ढेकळांसारखी अक्षरं पडद्यावर आदळली. थोड्याच ओळींत पडदा भरला. मेरिमला हवी ती जागा सापडेना. पलीकडून एक पशुवैद्य म्हणाला, "बाई, आम्ही गुरांचे डॉक्टर आहोत, डोळे आमचे ठीक आहेत." तिकडे सगळे हसले. मेरिमचा चेहरा लालबुंद झाला.

बोलणं संपल्यावर ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "हे कोणी केलं?"

बेगाइम म्हणाली, "अगं, माझ्याकडेपण तसंच. मला वाटलं यंत्र गेलं."

आणि मित्रांनो, तेव्हा अगाय हसले. सगळ्यांत मोठ्यानं. "कोण गाढव आहे हा? चष्म्याच्या दुकानातून आलाय की काय?" असं म्हणाले. त्यांना तोवर सगळं कळलं होतं. टेबलावरचा हात त्यांनी मांडीखाली दडवला होता.

तिलेकनं मला उघडलं. तीस, काळं, पिवळं. हे सगळं तो दारातून आत येताना, लहान व्हायच्या आत, शेजारच्या पडद्यावर रोज बघत होता. त्यानं मला मिटलं आणि म्हणाला, "मी केलं, मेरिम एजे. गंमत म्हणून." एजे म्हणजे ताई.

"परत? बकरी पुरली नाही तुला?"

"चुकलं."

मागचा बदल कोणी केला हे पाहायची सोय होती, पण कबूल झालेल्या गोष्टीचा पुरावा कोण शोधत बसतो? मेरिम अगायकडे वळली. "अगाय, तुम्हीच सांगा याला दोन शब्द."

अगायना तेव्हाही खरं सांगता आलं असतं. ते उठले आणि तिलेकला बोलले. "बाळा, गल्लीतला तंदूर सगळ्यांचा असतो. त्यात प्रत्येकानं आपली रोटी लावायची असते. तू तुझा बूट भाजायला घेतलास. सगळ्यांच्या वस्तूला हात लावताना लाज वाटायला हवी." आवाज शिक्षकाचा, शब्द अगदी बरोबर. तिलेक खाली मान घालून ऐकत होता. मीही ऐकत होते. तो तीसचा आकडा अजून माझ्या अंगावर होता आणि मला वाटत होतं, कोणीतरी मला पुसून टाकावं.

मेरिमनं सांगितलं, शुक्रवारी त्याची मुदत संपते, त्यानंतर त्यानं यायचं नाही.

त्यानंतर रोज अगाय मला उघडायचे. आकडे आता पूर्ववत झाले होते. अगाय त्या ओळीवर येऊन थांबायचे, काही लिहायचे नाहीत, मिटायचे. थोड्या वेळानं पुन्हा उघडायचे. जेवणाच्या वेळी खाली हॉटेलात जायचंही त्यांनी सोडलं. तिलेक नेहमीसारखा "अगाय, चहा आणू?" विचारायचा, आणि ते त्याच्याकडे न बघता नको म्हणायचे.

शुक्रवार आला. तिकडे माणूस कामावरून काढलेला असला तरी तसाच जात नाही. मधल्या टेबलावर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरली, रोटी आली, कणकेचे तळलेले बोरसोक आले, लग्मानच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, वाट्या आल्या. मेरिम म्हणाली, "अगाय, जाणाऱ्याला दुवा द्या." सर्वांत वडील माणसानं तळहात पसरून दुवा द्यायची आणि सगळ्यांनी तसेच हात पसरून बसायचं. 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवेपर्यंत ते खाली घ्यायचे नाहीत.

अगायनी हात पसरले. सगळ्यांनी पसरले. तिलेकनंही.

"तिलेक, बाळा, तुझी वाट..." अगाय थांबले. "तुझी वाट..." पुन्हा थांबले.

"अगाय, पाणी देऊ?" मेरिमनं विचारलं.

"पाणी नको. हात खाली घेऊ नका कोणी, दुवा चालू आहे." मग ते म्हणाले, "ती अक्षरं मी मोठी केली. मला दिसत नाही, मेरिम. डाव्या डोळ्यानं नुसतं धुकं दिसतं. गाढव कोण म्हणून विचारलं होतं ना मी? तो मीच. या पोरानं माझ्यासाठी बोलणी खाल्ली, आणि ती बोलणी मीच दिली. आता यालाच मी दुवा देणार! कोणत्या तोंडानं?"

खोलीत सगळे हात पसरून बसलेले. लग्मान गार होत होतं. कोणाला हलता येत नव्हतं आणि कोणाला तोंडही लपवता येत नव्हतं.

"कोणाकोणाला माहीत होतं मला दिसत नाही ते?" अगायनी विचारलं.

तिलेक हळूच म्हणाला, "सगळ्यांना, अगाय."

"मेरिम, तुलाही?"

"डोळ्यांचं माहीत होतं. अक्षरांचं डोक्यातच आलं नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला कसं विचारणार? तुम्ही मला शिकवलंत."

"हे शिकवलं होतं का मी? फळ्यावर माझी चूक दिसली तर उठून दाखव, असं शिकवलं होतं. आणि तू रे तिलेक, मी खड्ड्यात पडलो असतो तर वरून सलाम केला असतास काय?"

तिलेकला हसू आलं आणि रडूही आलं, पण हात पसरलेले असल्यानं दोन्ही तोंडावर तसंच दिसत राहिलं. अगायनी डोळे मिटले. "या मुलाची भाकरी इथंच भाजली जावो. आणि या खोलीतल्या सगळ्यांना, आधी मला, खरं बोलायची जीभ मिळो. ओमीन."

"ओमीन," सगळे म्हणाले. तोंडावरून फिरवलेले हात मेरिमनं बराच वेळ तोंडावरच ठेवले.

तिलेक राहिला. सोमवारी अगायनी आपलं सामान उचललं आणि दाराजवळच्या टेबलावर नेलं. सगळे हां हां करत धावले, तिथं कसे बसता, लोक काय म्हणतील. "लोकांचं मरू दे, इथं ऊन येत नाही," अगाय म्हणाले. मानाच्या जागेवर आता छपाईचं यंत्र बसतं. मेरिमनं अक्षरांचा आकार आणि रंग माझ्याकडून काढून ज्याच्या त्याच्या फाईलवर सोपवला, आणि तिलेकनं अगायना त्यांच्या स्वतःच्या फाईलचं दार दाखवलं. आता तिथं आकडा तीस असतो आणि दारातून येणारा पोस्टमनसुद्धा अगायचा प्रोग्रॅम वाचू शकतो. "अगाय, टिंब राहिलं," तिलेक मोठ्यानं म्हणतो. "दिसलं, दिसलं," अगाय म्हणतात. दिसलेलं नसतं. डोळ्याची शस्त्रक्रिया हिवाळ्याआधी करायची ठरली आहे.

माझ्यात एक ओळ मात्र नवी आहे. यंत्र ती वाचत नाही, माणसंच वाचतात. अगायनी स्वतः लिहिली आहे: 'ही फाईल सगळ्यांची आहे. इथला आकडा मी बदलला आणि बोलणी तिलेकनं खाल्ली. कुबानिच.' मेरिम ती पुसायला आली होती. "राहू दे," अगाय म्हणाले, "नवी माणसं वाचतील म्हणूनच लिहिलीय."

मला त्या ओळीची लाज वाटते, मित्रांनो, अजूनही वाटते. मी सगळ्यांच्या यंत्रांत होते. अक्षरं लहानमोठी होताना मी रोज पाहत होते, पुढे काढलेली मान पाहत होते, मांडीखाली दडवलेला हातही पाहिला. तुमच्या शेजारी कोणी डोळे बारीक करून वाचत असेल, घरी, वर्गात, कुठेही, तर आदर म्हणून गप्प बसू नका. जवळ जा आणि विचारा, दिसतंय का? मला विचारता आलं नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.