वाचनालयामागचा ओढा

मोहनराव सरपंच झाला आणि आईशी बोलताना चपलांकडं बघायला लागला, हे सुंदरबाईला मुळीच खपत नव्हतं. माणूस खाली बघतो ते लाजला तर, नाहीतर खोटं बोलताना. आणि मोहनरावला लाज कधी शिवली नव्हती, हे त्याला जन्म देणारीला पक्कं ठाऊक होतं.

आजही तेच. दुपारी जेवता जेवता, दाराशी काढलेल्या चपलांवर नजर ठेवून तो म्हणाला, "उद्यापासून वाचनालयाला कुलूप. बिबट्या लई माजलाय. पोरींनी घरीच वाचावं."

"घरी कुठं? तुज्या टीव्हीम्होरं का म्हशीम्होरं?"

"माय, उद्या काय झालं तर लोक मलाच धरत्याल."

"पोरीला जनावरानं धरलं तर चालतंय, तुला लोकांनी धरलं न्हाई पायजे. आसंच ना?"

मोहनराव ताटातच हात धुवून उठला आणि आपल्या पोल्ट्रीवर निघून गेला.

भीती खोटी नव्हती. सुग्रीव धनगराचं कुत्रं लांडग्याच्या अंगावर जाणारं. बिबट्यानं ते मेंढरांच्या जाळीशेजारून उचललं तेव्हा केकाटायलाही त्याला सवड मिळाली नाही. सकाळी ओढ्यात नुसता गळ्यातला पट्टा सापडला. तेव्हापासून गावाची दारं दिवस मावळायच्या आत लागत. दिवेलागणीनंतर बिबट्याचं नाव कुणी घेत नव्हतं. 'ते' आलं, 'ते' गेलं, एवढंच. सुंदरबाई चारचौघींत म्हणायची, "माज्या हाडावर त्याचाच दात मोडंल." पण रात्री मिश्रीची डबी शोधायचं निमित्त करून ती उठायची आणि नात शिवकन्या अंथरुणात आहे का, ते चाचपून बघायची.

शिवकन्या मोहनरावची थोरली. बारावी झालेली, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. ती रोज वाचनालयात बसते म्हणून तिच्या लग्नाचं बोलणं लांबत होतं. कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार, हे सुंदरबाईला न सांगता कळत होतं.

वाचनालय आधी मारुतीच्या देवळाला लागून होतं. मोहनरावनं तिथं दूध संकलन आणलं आणि पुस्तकांची चार कपाटं गावाबाहेर ओढ्याकाठच्या नव्या खोलीत नेली. दुसरीतून शाळा सुटलेली सुंदरबाई दिवाळीपासून नातीबरोबर तिथं जायची. जनावरांच्या चित्रांचं एक जाड पुस्तक तिनं धरलं होतं. अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. जोडाक्षर आडवं आलं की त्याला शिवी देऊन पुढं जायची. पुस्तकाला मत मागायला दारोदार फिरायचं नसतं, म्हणून ते तोंडावर खरं सांगतं, असं तिचं मत झालं होतं. त्यात लिहिलं होतं, आयतं खायला मिळालं की बिबट्या ती जागा सोडत नाही.

"आपल्या वढ्यात ह्याच्या बापानं काय पुरून ठिवलंय गं?" तिनं तेव्हा विचारलं होतं. शिवकन्या हसली होती.

कुलूप लागायच्या आत पोरीची पुस्तकं आणायला दोघी त्याच सांजेला निघाल्या. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच तूर. सुंदरबाईच्या काठीला घुंगरं बांधलेली. माणसाची चाहूल जनावराला लागावी म्हणून ती मोठमोठ्यानं शेजारच्या मंजुळाबाईची उणीदुणी काढत चालली होती. तुरीतले तित्तीर एकाएकी गप्प झाले, तशी तीही गप्प झाली.

"आज्जी, बोल ना," शिवकन्या म्हणाली.

"आता मंजुळीचं काय ऱ्हायलंच न्हाई."

खोलीत शिरून शिवकन्या पुस्तकं पिशवीत भरू लागली. मागून कुजका वास आला. मग प्लास्टिक फाटल्यासारखा आवाज. सुंदरबाईनं मागच्या खिडकीतून पाहिलं. खिडकीला तावदान नव्हतं, नुसती जाळी.

ओढ्याच्या काठाला ते बसलं होतं. पांढऱ्या गोणीत तोंड घालून सावकाश खात होतं, रोजच्या खानावळीत बसावं तसं. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मग त्यानं मान वर करून सरळ खिडकीकडं पाहिलं.

"पळू नको," सुंदरबाईच्या तोंडून कसंबसं निघालं. "वाकू नको."

शिवकन्येनं कुजबुजत बापाला फोन लावला. सुंदरबाई दाराकडं गेली. दाराला आतून कडीच नव्हती. खोलीच्या बांधकामाचं बिल उचललं गेलं, कडी बसवायची राहिली. तिनं दाराला पाठ लावली आणि काठी छातीशी धरली. बाहेर ओट्यावर काहीतरी मऊ, जड पडलं. दाराखालच्या फटीतून श्वास आत आला. हुंगणं चाललं होतं. तिच्या टाचांना ऊब लागली. काठीची घुंगरं वाजायला लागली, आणि हात घट्ट आवळला तरी थांबेनात.

लांबून जीपचा हॉर्न आला. ओट्यावरचं वजन हललं. तूर सळसळली आणि थांबली.

मोहनराव माणसं घेऊन धावत आला. लेकीला पोटाशी धरून ओरडला, "म्हणलं न्हवतं का, कुलूप लावू म्हणून? कशाला आलता तुमी हितं?"

जीपच्या उजेडात सुंदरबाई खोलीमागं गेली. एक गोणी नव्हती, ढीग होता. पिसं, पंख, मेलेल्या कोंबड्या. प्रत्येक गोणीचं तोंड अंजिरी चिंधीनं बांधलेलं. मोहनरावच्या लग्नात तिनं नेसलेलं ते लुगडं. जुनं झालं तेव्हा त्याच्याच पोल्ट्रीची पोती बांधायला तिनं स्वतः फाडून दिलं होतं. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात चुना टाकून पुरतो, असं तो सांगायचा. चपलांकडं बघून.

एक चिंधी सोडून ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. मोहनरावची नजर खाली गेली. सगळ्या माणसांदेखत तिनं त्याची हनुवटी धरली आणि वर उचलली.

"म्हाज्याकडं बग. त्या जनावराचा कायबी गुन्हा न्हाई, वाढलेलं खाल्लं त्यानं. वाढलं तू. पोटच्या लेकीच्या वाटंवर ताट मांडलंस, आन् वर कुलूप तिलाच लावायला निगाला? कुलूप लागंल ते तुज्या पोल्ट्रीला. हे समदं तुज्या हातानं पुरायचं. पुस्तकं मारुतीपशी परत यायची, दुधाचं केंद्र जाऊ दे वढ्याकाठी. आन् तवर पोरीला पोचवायला रोज तू चालत यायचं, जीप न्हाई. घुंगराची काठी मी देते."