फुलचूरमधला घानाचा ढोल

मंगलीबाईचं गोंदियातलं काम एकच, डोळे तपासून घ्यायचं. ते लवकर उरकलं, म्हणून कॉलेजात शिकणारी नात खुशबू तिला फुलचूरला पश्चिम आफ्रिकेचं संग्रहालय बघायला घेऊन आली. संग्रहालय म्हणजे घनश्यामभाऊंच्या घराच्या पुढच्या तीन खोल्या. भाऊ राइसमिलचे फिटर. घाना देशात बावीस वर्षं मिली उभ्या करून परतले. लोक परदेशातून सोनं आणतात. यांनी लाकडी स्टुलं, पितळेची वजनं, पट्ट्यापट्ट्यांची कापडं आणि जुन्या राज्यांचे नकाशे आणले. घरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला. भाऊंनी खुशाल पाटी लावली.

पहिल्या खोलीत समुद्रकाठच्या किल्ल्याचा फोटो होता. "इथून माणसं साखळ्यांनी बांधून जहाजात भरून नेत," भाऊ म्हणाले. मंगली फोटोला हात जोडून पुढे सरकली. दुसऱ्या खोलीत शिरली मात्र, आणि तिचे पाय जागीच थबकले.

ढोल! छातीइतका उंच, खुंट्यांवर चामडं ताणलेला, वर दोन वाकड्या काठ्या.

"आजी, हात नको लावू," खुशबू ओरडली. "लिहून हाय तिथं."

"लिहून राहू दे ना. मले कुठं वाचता येते?"

मंगलीचा बाप बकाराम लग्नाकार्यात ढोल वाजवायचा. पोरीचा हात चामड्याकडे गेला की बोटांवर काठी बसायची. पोरीच्या जातीनं ढोल वाजवायचा नाही, एवढंच उत्तर. आता मंगलीची साठी उलटली, बाप जाऊन जमाना झाला, तरी मोहफुलांच्या टोपलीच्या बुडावर तिची बोटं आपोआप ताल धरायची. खरा ढोल मात्र एकदाही तिच्या हाती आला नव्हता. आज समोर आला, तर तिला अंगात ताप भरल्यासारखं झालं.

"भाऊ, एक डाव वाजवू द्या."

"नाही बाई. एकाले देल्ला का सारेच बडवतात."

मंगली फणकाऱ्यानं वळली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तिची नजर गेली. लाकडी पाट, त्यात दोन रांगांत बारा खळग्या, प्रत्येकीत चार राखाडी गुळगुळीत बिया.

"अवं, हे तं गजगे! आमी मोहा वाळवतानी जमिनीत खड्डे करून खेळतो."

भाऊंचा चेहरा एकदम उजळला. गोंदियात परतल्यापासून अकरा वर्षं त्यांना या खेळाला जोडीदार मिळाला नव्हता. "बसा!" ते म्हणाले. "मले हरवा आन् खुशाल ढोल वाजवा. पंचवीस गजगे जो पयले जिंकन, तो जितला."

मग काय विचारता! एका खळगीतले गजगे उचलायचे, पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं, समोरच्याच्या खळगीत दोन किंवा तीन झाले की ते जिंकायचे. भाऊ सावकाश मोजत, मंगलीचे हात भराभर चालत. खुशबू नखं खात होती. मंगलीचे चोवीस झाले, आणि एका दणक्यात तिनं भाऊंची अख्खी रांग झाडून नेली.

"जितली!" ती टुणकन उठली.

"थांबा," भाऊ म्हणाले. "ही चाल घानात धरत नाही. समोरच्याले उपाशी ठेवाचं नाही, असा नियम हाय. गजगे वापस ठेवा, दुसरी खळगी उचला."

"हा खेळ होय का पंगत?" मंगली कडाडली. "आमच्याकडं सारे नेले का जितला!"

"पाट तिकडचा, नियमबी तिकडचा."

मंगलीनं दात-ओठ खात गजगे जागच्या जागी ठेवले. ढोलाकडे बघितलं. हातचं गेलं, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग तिनं पदर खोचला, पाट नीट न्याहाळला आणि दुसरी खळगी उचलून भाऊंच्या रांगेत दोन गजगे वाढले. भाऊंनी एक पुढे सरकवला. पुढच्या हाताला मंगलीनं त्यांच्या एकट्या गजग्यावर आपला एक टाकून दोन्ही उचलले. भाऊंची रांग उपाशी राहिली नाही, आणि तिचे सव्वीस झाले.

भाऊंनी स्वतः काठ्या तिच्या हातात दिल्या.

पहिला ठोका भीत भीत पडला. दुसरा त्याहून बरा. आणि मग बकारामचा वरातीचा ताल असा सुटला, की खिडकीची तावदानं थरथरली आणि शेजारपाजारचे दारात गोळा झाले. मंगली रडत होती आणि हसतही होती.

"कोनं शिकवलं, बाई?" भाऊंनी ओरडून विचारलं.

"कोनंच नाही," मंगलीही ओरडली. "बापानं हात लावू देल्ला नाही. पन आयकाले कोन अडवते?"

आणि तिनं दोन्ही काठ्या आणखी उंच उचलल्या.