कापून उरलेला फोटो

विणकर सोसायटीने दवाखान्याची कार्डं बदलायला घेतली, तेव्हा सचिव मधुकररावांनी एक गोष्ट ठरवून टाकली. कोणालाही फोटो काढायला बर्डीवरच्या स्टुडिओत पाठवायचं नाही.

"दिवसभर माग बंद ठेवायचा, वर फोटोचा खर्च. कशाला? नाव, वय, पत्ता, फोटो, सगळं जुन्या कार्डातून उचला आणि फॉर्म भरून ठेवा. माणसाने फक्त अंगठा घेऊन यायचं. तो काही घरी विसरत नाही."

काम प्रमोदिनीकडे आलं. ती त्याच वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. जुन्या कार्डावर घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच फोटो होता, अडुसष्ट साली सोसायटीने तांडापेठेत फोटोवाला बोलावून काढवलेला. नव्या फॉर्मवर प्रत्येकाचा चेहरा वेगळा लागणार होता. तिने पुठ्ठ्याची चौकट केली. ती चेहऱ्यावर ठेवायची आणि ब्लेड फिरवायचं. ज्यांच्या नावापुढे 'मयत' होतं त्यांचा फॉर्मच नव्हता, म्हणून त्यांचा चेहराही कापायचा नव्हता. उरलेला कागद टोपलीत जायचा.

पंचफुला पराते अंगठा द्यायला आली. फॉर्म हातात घेऊन ती हसली.

"मीच आहो काय वं ही? किती बारीक होती मी!" मग म्हणाली, "आन् जुनं कार्ड?"

"ते जमा झालं, मावशी."

"कार्ड नोको मले. त्यातला फोटो दे. माही चंद्री हाय त्यात, मांडीवर. सालभराची होती. मंग गेली थे. तिचा दुसरा फोटोच नाही."

"कार्ड देताना का नाही सांगितलं?"

"आमच्या घरचे म्हने, फोटो नव्या फॉर्मवर लावतेत. आमाले का माहीत, तुमी मानसं येगळे येगळे कराल म्हून?"

प्रमोदिनी उठली. टोपली रिकामी होती. भीमाबाई कोपऱ्यात चहा गाळत होती.

"भीमाबाई, यातले तुकडे?"

"शेगडीत गेले कालच. फोटोचा कागद लय भरभर पेटते."

निगेटिव्ह तरी असेल, प्रमोदिनीला वाटलं. मधुकररावांनी फोटोवाल्याला फोन लावला. त्याने जुन्या फिल्म चांदी काढणाऱ्याला विकून टाकल्या होत्या. फिल्ममधली चांदी कशी काढतात ते प्रमोदिनीला माहीत होतं. फिल्म रसायनात बुडवली की आधी चित्र जातं.

तिने पंचफुलाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मधुकरराव म्हणाले, "पंचफुलाबाई, चूक आमची आहे." पंचफुलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"कापताना तुनं पायलं असन तिले," ती प्रमोदिनीला म्हणाली. "कशी दिसत होती वं? मले आता तिचं तोंड नीट ध्यानात येत नाही."

प्रमोदिनीला आठवेना. तिच्या नवऱ्याच्या, नत्थूजींच्या, कपाळावरची शीर आठवत होती, पंचफुलाच्या कुंकवाजवळ चौकटीचा कोपरा कुठे टेकवला होता ते आठवत होतं. मांडीवर कोणी आहे का, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"हसत होती, मावशी."

"हसत होती?" पंचफुला खुर्चीवर बसली. "मले वाटे, दिव्याच्या उजेडाले भेऊन रडून राहिली होती."

"नाही. हसत होती."

"दात दिसत होते काय?"

"हो."

"किती?"

प्रमोदिनीने आजवर न तपासता एकही आकडा लिहिला नव्हता.

"चार," ती म्हणाली.

"चारच होते वं," पंचफुला म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.